अर्धा माणूस बसमध्ये कसा बसेल? दहावीच्या वर्गातलं एक प्रकरण

तिसऱ्या बाकावरच्या मुलीची वही हातात घेतली तर पानावर उत्तर नव्हतं, नुसता खोडरबराचा चुरा होता. कागद इतका घासलेला की एका जागी पलीकडचं पान दिसत होतं.

ऑगस्टमधली घटक चाचणी. शाळा बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली, मराठी माध्यमाची. त्या भागात ऑगस्टमध्ये पाऊस पत्र्यावर असा वाजतो की मास्तरांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. म्हणून मी प्रश्न तोंडी न सांगता फळ्यावरच लिहितो. त्या दिवशी लिहिलेला प्रश्न असा: एका बसमध्ये ४० प्रवासी आहेत. पूर्ण तिकीट ३० रुपये, अर्धं तिकीट १५ रुपये. एकूण ९७५ रुपये जमा झाले, तर पूर्ण तिकिटं किती आणि अर्धी किती?

मागून लगेच आवाज आला, "सर, त्यात बायका किती ते सांगा की!" वर्ग हसला. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात सरकारी बसमध्ये बायकांना शून्याचं तिकीट मिळतं. माझी बस अजून जुन्या काळातच फिरत होती. "ही खासगी बस आहे," असं म्हणून मी वेळ मारून नेली.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं पूर्ण तिकिटं क्ष मानली, अर्धी ४० − क्ष. समीकरण मांडलं: ३० क्ष + १५ (४० − क्ष) = ९७५. इथपर्यंत चोख. कंस सोडवताना मात्र १५ नं ४० ला गुणलं आणि क्ष ला गुणायचं राहिलं. झालं ३० क्ष + ६०० − क्ष = ९७५, म्हणजे २९ क्ष = ३७५. भागाकार काही तुटेना. बारा पूर्णांक नऊ-तीन आणि पुढं काहीतरी. मग तिनं सगळं खोडलं.

पहिल्या बाकावरच्या मुलानं कंस सोडवताना अगदी हीच चूक केली होती. पण त्यानं पुढं लिहिलं, "पूर्ण तिकिटे १२, अर्धी तिकिटे २८", त्याखाली दोन रेघा मारल्या, वही मिटली आणि खिडकीबाहेर बघत बसला. बाराचे ३६० आणि अठ्ठावीसचे ४२०, मिळून ७८० होतात. ९७५ च्या जवळपासही नाही. त्याला त्याचं काही नव्हतं.

चूक एकच, पण दोघं दोन दिशांना गेली. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते या फाट्याबद्दल.

मधल्या सुटीत मी तिसऱ्या बाकावरचीला विचारलं, का खोडलंस?

"अपूर्णांक आला की सर. अर्धा माणूस बसमध्ये कसा बसेल?"

मग चूक कुठं झाली ते शोधलं नाहीस?

"मी बघितलो खरं, सापडलं नाही. मला गणित येत नाही सर." (आमच्याकडे मुलीही 'मी आलो, मी बघितलो' असंच बोलतात. आणि 'खरं' म्हणजे 'पण', हे पुण्याकडच्या वाचकांसाठी.)

उठता उठता ती म्हणाली, "आधी पंचवीस आलं होतं. तेपण खोडलो." कसं आलं होतं? "सगळ्यांनी अर्धंच तिकीट काढलं असं धरलं तर सहाशे होतात. वर तीनशे पंच्याहत्तर उरतात. एकेक पूर्ण तिकिटाला पंधरा जास्त. म्हणून पंचवीस. खरं त्याला पद्धत नव्हती की."

पंचवीस पूर्ण, पंधरा अर्धी. ७५० आणि २२५. बरोबर ९७५. म्हणजे या पोरीनं उत्तर तोंडी काढलं होतं, मग समीकरणात चुकली होती, उत्तर शक्य नाही हे स्वतःच ओळखलं होतं, आणि एवढं सगळं केल्यावर निष्कर्ष काढला होता की आपल्याला गणित येत नाही. बरोबर उत्तर खोडायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. 'पद्धत' या शब्दानं ते खोडलं. आणि तो शब्द वर्गात दिवसातून दहा वेळा उच्चारतो तो मीच.

धीर देण्याचा माझा पहिला प्रयोग

मास्तर माणूस सगळ्यात आधी जे करतो तेच मी केलं. "तुला येतं गं. भिऊ नकोस. तू हुशार आहेस." दोन-तीन आठवडे मी हे तिला येता-जाता ऐकवत होतो. परिणाम एवढाच झाला की ती माझी नजर चुकवायला लागली. चाचणीत चुकलं की तिला आता दोन ओझी: चुकल्याचं, आणि सरांना तोंड कसं दाखवू याचं.

अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये स्वक्षमतेवरच्या विश्वासाची मांडणी केली. एखादं ठराविक काम आपल्याला जमेल असं माणसाला वाटतं ते कशावरून, याचे त्यानं चार उगम सांगितले. स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना बघणं, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळी शरीर-मन कसं आहे ते, म्हणजे छातीतली धडधड, तळहाताचा घाम. यातला सगळ्यात बळकट उगम पहिला. मी तिसऱ्यावर भिस्त ठेवून बसलो होतो. बी.एड.ला हे पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. वर्गात मात्र आठवलं नाही.

शिवाय 'आत्मविश्वास' हा शब्द फार ढोबळ आहे. पालक सभेत आपण म्हणतो, "मुलात आत्मविश्वास कमी आहे", जणू रक्तात लोह कमी आहे. फ्रँक पजारेस आणि डेव्हिड मिलर यांनी १९९४ मध्ये ३५० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'तुम्ही गणितात कसे आहात' एवढ्यावर ते थांबले नाहीत. एकेक उदाहरण पुढं ठेवून 'हे तुम्हाला सुटेल का' असं विचारलं. ही उदाहरणागणिक असलेली खात्री उदाहरणं सुटण्याचा जितका चांगला अंदाज देत होती तितका 'मी गणितात बरा आहे' ही स्वतःबद्दलची समजूत देत नव्हती. गणित उपयोगी वाटतं का, आधी किती गणित शिकलाय, मुलगा की मुलगी, यातल्या कशानंही तेवढा अंदाज येत नव्हता. तिसऱ्या बाकावरचीचं 'मला गणित येत नाही' हे वाक्य म्हणजे ती ढोबळ समजूत. या उदाहरणात तिला नेमकं काय येत होतं आणि काय नाही, हे ना तिनं स्वतःला विचारलं होतं ना मी तिला.

यार्डातली पट्टी

नवरात्राच्या आधी तिचे बाबा शाळेत आले. काम वेगळंच होतं, उत्पन्नाच्या दाखल्याचं. बोलता बोलता त्यांनी एक किस्सा सांगितला. सांगताना लेकीचं कौतुक लपत नव्हतं.

आमच्या भागात पावसाळी रताळी होतात. उपवासाच्या दिवसांत त्यांना भाव असतो आणि माल बेळगावच्या एपीएमसी यार्डात जातो. त्या दिवशी बाबांबरोबर ही गेली होती. माल सात क्विंटल चाळीस किलो भरला. सौदा कानडीत, "साविरद नानूर ऐवत्तु", म्हणजे क्विंटलला १,४५०. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, हातात आली, हमाली-तोलाई वजा करायच्या आधीची रक्कम होती १०,३७०. बाबा पट्टी खिशात घालायला लागले तर पोरगी म्हणाली, "बाबा, तीनशे साठ कमी आलेत."

तिनं काय केलं होतं? साडेसात क्विंटल धरले तर १०,८७५. दहा किलो जास्त धरले त्याचे १४५ वजा. १०,७३०. लिहिणाऱ्यानं तीन आणि सातची अदलाबदल केली होती. त्यानं लगेच दुरुस्तही केलं. विशेष मला वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. पट्टी हातात यायच्या आधीच तिच्या डोक्यात आकडा तयार होता. "दहा हजार सातशेच्या आसपास व्हायला पाहिजेत" हे तिला ठाऊक होतं, म्हणून १०,३७० हा आकडा तिला खटकला. साडेसातला धरून मग मागं यायचं हे तिच्या आज्जीचं वळण. आज्जीला पावकी-निमकी-दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे, अजून तोंडपाठ आहेत.

आधी अंदाज, मग हिशोब, मग अंदाजाशी मेळ. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७० च्या दशकात याला मेटाकॉग्निशन असं नाव दिलं. आपल्या विचारावर आपलीच नजर, असं मराठीत म्हणू. शास्त्रात याचा गाजावाजा झाला तो तेव्हापासून. यार्डात मात्र शेतकरी हे करत आलेत, कारण तिथं चुकलं तर पैसे जातात.

म्हणजे तिसऱ्या बाकावरचीकडे स्वतःवर नजर ठेवण्याची ताकद होती. बसच्या उदाहरणातही ती चाललीच होती. 'अर्धा माणूस' हे तिनंच ओळखलं. यार्डात आकडा जुळला नाही तेव्हा तिनं पट्टीला दोष दिला आणि वर्गात स्वतःला दिला. यार्डात 'बरोबर' ठरवायचं माप तिच्या हातात होतं. वर्गात ते माझ्या चेहऱ्यावर होतं, आणि चाचणी चालू असताना मी पाठ फिरवून उभा होतो.

खात्रीचा आकडा

दसऱ्याच्या सुटीनंतर मी शनिवारचा तास बदलला. पाच उदाहरणं. प्रत्येक उदाहरण वाचून झालं की सोडवायच्या आधी समासात शून्य ते दहामधला एक आकडा लिहायचा: हे सुटेल याची किती खात्री? सोडवून झालं की दुसरा आकडा: हे बरोबर आलंय याची किती खात्री? या आकड्यांना गुण नाहीत. आणखी एक नियम, खोडरबर दप्तरात. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

पहिल्या शनिवारी तिसऱ्या बाकावरचीची पाचपैकी चार बरोबर होती. तिनं लिहिलेले आकडे २, ३, २, १, ३. पहिल्या बाकावरच्याची दोन बरोबर, आकडे ९, ९, ८, १०, ९. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघितल्या. एकीला आपल्याला येतंय हे कळत नव्हतं, दुसऱ्याला आपल्याला येत नाही हे. आत्मविश्वास वाढवायचा म्हणून मी त्या मुलाला काय दिलं असतं? त्याच्याकडे आधीच उतू जात होता. वाढवायचा की कमी करायचा हा प्रश्नच नाही. आकडा आणि उत्तर यांची गाठ पडायला हवी. वजनकाटा जड दाखवतो की हलका, यापेक्षा तो खरा दाखवतो का हे महत्त्वाचं.

गाठ पाडायची कशी? मला मिळालेलं उत्तर इतकं जुनं आहे की सांगायलाही संकोच वाटतो: पडताळा. आपण पडताळा शिकवतो तो शेवटची ओळ म्हणून, जमलं तर लिहा, अर्धा गुण असतो. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: समजून घ्या, योजना करा, अमलात आणा, मागे वळून बघा. चौथ्या पायरीपर्यंत आमचा वर्ग कधी पोचतच नाही, घंटा होते. मी क्रम उलटा केला. आधी अंदाज: उत्तर किती ते किती यांच्यामध्ये असायला हवं? बसच्या उदाहरणात सगळी अर्धी असती तर ६००, सगळी पूर्ण असती तर १,२००. ९७५ मधल्या ९०० च्या थोडं वर आहे, म्हणजे पूर्ण तिकिटं विसाहून थोडी जास्त. आता सोडवा. बारा आलं तर? मास्तरांकडे बघायची गरज नाही, बाराच सांगतं की मी चुकलोय.

हे पहिल्यांदा फळ्यावर केलं तेव्हा मुलांनी वहीत उतरवूनच घेतलं नाही. "सर, हे पेपरला येतंय का?"

तिसऱ्या शनिवारी फळ्यावर मीच चुकलो. मुद्दाम नाही, खरोखर. उणे चिन्ह सुटलं आणि एका शेतकऱ्याच्या कुंपणाची रुंदी उणे आठ मीटर आली. पूर्वी असतो तर डस्टर फिरवला असता. त्या दिवशी नियम माझाच होता, खोडायचं नाही. मग मी मोठ्यानं विचार करत उलट चालत गेलो: ही ओळ ठीक, ही ठीक, ही... तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "सर, दुसऱ्या ओळीत उणे होतं." वर्गात न विचारता ती पहिल्यांदाच बोलली.

डेल शंक आणि सहकाऱ्यांचा १९८७ मधला अभ्यास मला नंतर आठवला. अपूर्णांकात मागं पडलेल्या मुलांना त्यांनी दुसऱ्या मुलांना उदाहरणं सोडवताना दाखवलं. काही जण पहिल्यापासून सफाईनं सोडवणारे, काही आधी अडखळून हळूहळू सावरणारे. अडखळून सावरणाऱ्यांना बघून या मुलांचा स्वतःवरचा विश्वास जास्त वाढला. वीस वर्षं मी घोटून पाठ केलेली उदाहरणं फळ्यावर सफाईनं सोडवून दाखवत आलोय. त्यातून मुलांना काय दिसत असेल, तर सरांना येतं. बस.

पहिल्या बाकावरच्याचं काय झालं

हे सांगितलं नाही तर प्रकरण अर्धवट राहील. त्याचे आकडे खाली आले, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पार चार-पाचवर. त्याबरोबर त्याचा हातही आखडला. दोन उदाहरणं कोरी ठेवायला लागला. आधी निदान काहीतरी लिहायचा, त्यातल्या पायऱ्यांचे गुण तरी मिळायचे. त्याचे बाबा फोनवर म्हणाले, "सर, पोरगा गणितात बरा होता. तुम्ही त्याला घाबरवून ठेवलासा." मला उत्तर सुचलं नाही. ते खोटं बोलत नव्हते.

मुलाला चूक शोधायची सवय लागायच्या आत मी त्याला चुका दाखवल्या होत्या. अ‍ॅलन शॉनफेल्ड यांनी १९८० च्या दशकात विद्यार्थी उदाहरण सोडवताना त्यांचं चित्रीकरण केलं. बहुतेक जण प्रश्न वाचून झटकन एक वाट धरत आणि ती फसली तरी वेळ संपेपर्यंत तीच तुडवत राहत. त्यांच्या तुलनेला एक गणितज्ञ बसवला. त्याला भूमितीतलं नेमकं आठवतही नव्हतं, पण तो दर थोड्या वेळानं थांबून स्वतःला विचारत होता की मी कुठं चाललोय. सुटलं ते त्याला. पहिल्या बाकावरचा या थांबण्याला हरणं समजत होता. मग मी त्याला एक वेगळं काम दिलं. दुसऱ्यांच्या वह्यांतली (नाव झाकून) चुकलेली उदाहरणं बघायची आणि चूक कोणत्या ओळीत आहे ते सांगायचं. त्यात तो रमला, कारण पोलिसगिरी त्याला आवडते. स्वतःच्या वहीत मात्र ती नजर यायला फेब्रुवारी उजाडला, आणि तीही येते-जाते.

पंधरा मिनिटं

कर्नाटकच्या एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला, गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा. तीन तासांशिवाय पेपर वाचायला १५ मिनिटं जास्तीची मिळतात. या पंधरा मिनिटांत आमची मुलं काय करतात ते मी पर्यवेक्षक म्हणून अनेकदा बघितलंय. अवघड प्रश्न शोधतात आणि घाबरतात. घाबरलेल्या डोक्यात जागा कमी उरते. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये हेच दाखवलं. बेरीज करता करता काही अक्षरं लक्षात ठेवायची असली, की गणिताची भीती असलेल्यांचा तोल जायचा तो मुख्यतः हातचा असलेल्या बेरजांत. हातचा डोक्यात धरायचा असतो, आणि डोक्यातली ती जागा भीतीनं आधीच अडवलेली असते.

म्हणून आम्ही पंधरा मिनिटांचा सराव वेगळा केला. पेन खाली ठेवून नुसतं वाचायचं आणि प्रश्नांचे तीन ढीग मनात लावायचे: सुटेल, अडेल, शेवटी बघू. तिसऱ्या बाकावरचीचा 'सुटेल'चा ढीग डिसेंबरात चार प्रश्नांचा होता, जानेवारीअखेर निम्म्या पेपराच्या वर गेला. शनिवारच्या वहीतले तिचे आकडे तोवर ६, ८, ३, ७, ८ असे झाले होते. त्या पाचांत एक उदाहरण चुकलेलं होतं. जिथं तिनं ३ लिहिले होते, तेच. पाचही बरोबर येण्यापेक्षा मला या तीनचा जास्त आनंद झाला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "एक चुकलं त्याचा आनंद?"

आता ती शंभर टक्के माझ्या आकड्यांमुळेच बदलली असं मी म्हणणार नाही. यार्डातल्या पट्टीचा किस्सा मी वर्गात सांगितल्यावर मुली तिच्याकडे अडलेलं विचारायला लागल्या, त्याचा वाटा मोठा असेल. आज्जीचं श्रेय तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही. आणि भीती गेली म्हणावं तर पेपराच्या दिवशी तिचं पोट अजून दुखतं.

फेब्रुवारीतल्या पूर्वतयारी परीक्षेचे पेपर मी तपासले. त्रिकोणमितीचं तीन गुणांचं उदाहरण: झाडाच्या बुंध्यापासून ३० मीटरवर उभं राहिलं तर शेंड्याचा उन्नत कोन ३० अंश, उंची काढा. पहिल्या ओळीत आकृती, दुसऱ्या ओळीत टॅन ३० = उंची ÷ ३०, तिसऱ्या ओळीत १/√३ = उंची ÷ ३०, चौथ्या ओळीत उंची = ३०√३. त्यापुढं अंदाजे ५२ मीटर. आणि त्याखाली बारीक अक्षरात:

"कोन ४५ पेक्षा कमी आहे, तर उंची अंतरापेक्षा जास्त कशी होईल? तिसऱ्या ओळीच्या पुढं चुकलंय. वेळ नाही."

काही खोडलेलं नव्हतं. गुणदानाच्या तक्त्यात असल्या वाक्याला जागा नसते, मी पायऱ्यांचे दोन दिले. चूक चौथ्या ओळीत होती.